दोन आट्यांवर राहिलेली दांडी

ह्यांची मोटरसायकल मला कधी आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं मागे बसले आणि तीस वर्षं कुरकुरले. साडीला तेलाचे डाग, कंबरेला दणके, आणि टॉलीगंजच्या आमच्या घरात पाऊल टाकताच पायात येणारी ती पान्यांची पेटी. मध्ये जुनी गाडी जाऊन नवी आली, माझी कुरकुर तीच राहिली. 'विका ती एकदाची' हे इतक्यांदा म्हटलं की ह्यांनी ऐकायचंच सोडून दिलं होतं.

मी साताऱ्याची. लग्न होऊन कलकत्त्याला आले तेव्हा ना बंगाली येत होती, ना रस्ते कळत होते. हे मात्र इथेच जन्मलेले, बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये यंत्रांच्या देखभालीला. रविवारी सकाळी मला मागे बसवून शहर दाखवायला न्यायचे. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसलेली. पुढचं काही दिसायचं नाही, दिसायचा तो ह्यांचा डावा पाय. बुटाच्या टोकानं गिअरचा दांडा खाली दाबला की गाडी हळू होणार, टोक दांड्याखाली घालून वर उचललं की पळणार. फोर्ट विल्यमच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याला लागलो की तो पाय टक, टक वर जायचा आणि मी एका हातानं पदर, दुसऱ्या हातानं ह्यांचा खांदा घट्ट धरायची. एस्प्लनेडच्या गर्दीत तोच पाय सारखा खाली-वर, खाली-वर. काय सुखाचे दिवस होते ते! हे आत्ता म्हणतेय. तेव्हा म्हणायची, 'अहो, जरा हळू, मला अजून माहेरपणाला जायचंय!'

पुढे माझे गुडघे बोलायला लागले आणि मी मेट्रो धरली. तीन-चार वर्षं मी त्या गाडीवर बसलेच नाही. हे रिटायर झाले तरी मंडईपासून बँकेपर्यंत सगळीकडे गाडीनंच जायचे.

दोन हिवाळ्यांपूर्वी मिलमधल्या एका जुन्या सोबत्याच्या नातवाचं उष्टावण होतं, बजबजला. मी ट्रेननं जाऊ म्हटलं. हे म्हणाले, "एकदा बस की मागे. पूर्वीसारखं जाऊ." इतक्या वर्षांनी माणूस असं काही म्हणतो, मग नाही कसं म्हणणार? बसले.

जाताना सगळं ठीक होतं. निदान मला तसं वाटलं. गप्पांच्या नादात होते मी. येताना मिठाईचा डबा मांडीवर, पोट तुडुंब भरलेलं, आणि एका वळणानंतर खट्कन काहीतरी वाजलं. बघते तर गिअरचा दांडा नुसता लोंबतोय. ह्यांचा पाय त्याला हलवतोय, पण गाडीला त्याचं काही सोयरसुतकच नाही. दुसऱ्याच गिअरमध्ये रखडत थोडं गेलो आणि इंजिन बंद पडलं.

"काही नाही, दांडी निसटलीय," हे म्हणाले. पायातला दांडा आणि इंजिन ह्यांना जोडणारी वीतभर लोखंडी दांडी. ढकलत ढकलत गाडी एका मिस्त्रीच्या टपरीपर्यंत आणली. मी मागून डबा सांभाळत, तोंडानं सुरू, "सांगत होते मी, ट्रेननं जाऊ म्हणून."

मिस्त्री उकिडवा बसला, दांडी हातात घेतली आणि बंगालीत विचारलं, "दादा, ही कुणी इतकी फिरवली? दोन आट्यांवर लटकत होती. पकड धरणारा चेकनटही आवळलेला नाही." मग त्यानंच मला समजावलं, की दांडी फिरवली की पायाकडचा दांडा खाली येतो, पण फिरवत गेलं की आटे संपतात. इथे कुणीतरी तो खाली, आणखी खाली आणत गेलं होतं.

आयुष्यभर ज्यांनी मिलमधल्या पोरांना सैल नटावरून झापलं, ते हातावरची धूळ झटकत बसले. आणि आमच्या गाडीला ह्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा पाना लागलेला नव्हता.

मिस्त्रीनं दांडी नीट बसवली, दांडा वर मूळ जागी आणला आणि म्हणाला, "बघा टाकून." ह्यांनी पाय दांड्याखाली घातला. टोक हलेना. पुन्हा घातला. मांडी वर गेली, गुडघा वर गेला, पण पंजा तसाच लोळागोळा. मिस्त्रीला वाटलं दांडाच जड झालाय. त्यानं एका बोटानं उचलला. टक. गिअर पडला.

लोंबत्या पंजाला दांडा सापडावा म्हणून हेच तो खाली आणत गेले होते. गेले कित्येक महिने घरात ह्यांची चप्पल फटाफटा आपटत होती आणि मी खेकसत होते, "अहो, पाय उचलून चाला!" ज्या पायाकडे बघत मी अर्धं आयुष्य काढलं, तो उचलला जात नाही हे मला कळू नये?

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुर्गापूजेच्या आधीपासून."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू गाडी विकायला लावली असतीस."

खोटं कशाला बोलू, लावलीच असती.

गाडी तिथेच ठेवली आणि ट्रेननं घरी आलो. आठवड्याभरात डॉक्टरांकडे गेलो. तरुण मुलगा, आमच्या लेकाएवढा. सगळ्या तपासण्या बघून म्हणाला, पाठीत नस दबली आहे, इलाजानं चालणं पुष्कळ सुधारेल, पण पंजा पहिल्यासारखा उचलला जाईल असं वाटत नाही. मोटरसायकल आता बंद.

हे माझ्याकडे पाहत राहिले. तीस वर्षं मला हेच कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. 'बघा, मी सांगत नव्हते?' एवढंच म्हणायचं बाकी होतं. मी तोंड उघडलं आणि एकदम हुंदकाच फुटला. आवरता आवरेना. डॉक्टर बिचारा गडबडून पाण्याचा ग्लास शोधायला लागला.

ह्यांनी खिशातून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला.

"अगं वेडे," हे म्हणाले, "गाडी माझी गेली. रडायचं तर मी रडायचं ना?"