आपलाच छापखाना

मला लिहिण्याची सवय नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मेहकरला दयारामांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचे ऱ्हस्वदीर्घ तपासायला बसायचो, तेवढाच माझा लिहिण्याशी संबंध. तरी त्यांच्याविषयी चार ओळी लिहून पाहतो.

छापखाना दोघांचा होता. जागा आणि पहिले यंत्र उकंडरावांचे, मेहनत दयारामांची. निम्मा-निम्मा वाटा, तोंडीच ठरलेला. एकतीस वर्षांत कागद करावा असे कुणालाच वाटले नाही. दयाराम आधी शिशाचे खिळे जुळवायचे, मग संगणक आला तर तोही शिकले. लग्न मंडपातले असो की विहारातले, पत्रिकेत खाली ओळ ठरलेली: 'हे कार्य आपलेच समजून अगत्य यावे.' ती ओळ त्यांच्या बोलण्यातही मुरली होती.

"घ्या गुरुजी, चहा आपलाच हाय."

"माझा असता तर साखर एवढी कमी नसती," मी म्हणायचो.

उकंडराव आजारी पडले आणि लेकीकडे राहायला गेले. तिथे त्यांना छापखान्याचीच चिंता लागली होती. दयारामांनी धीर द्यायला पत्र लिहिले: 'काळजी करू नये. छापखाना सर्वस्वी आपलाच आहे, मी नुसता राखणदार.' पाठवण्याआधी ते माझ्याकडे दिले. मी 'सर्वस्वी'चा शेवटचा ऱ्हस्व दीर्घ केला आणि परत दिले. दुसरे काही मला दिसले नाही.

वर्षभरात उकंडराव गेले. पत्र त्यांच्या मुलाला, हरिओमला सापडले. त्याला छापखान्याच्या जागेत फ्लेक्सचे मोठे यंत्र बसवायचे होते. भागीदारी नव्हतीच, हा माणूस राखणदार होता, असा त्याने दावा लावला.

दयारामांच्या वकील सुवर्णाताई म्हणाल्या, "काका, सही आठवत नाही म्हणा."

"आठवते ना ताई. माझीच हाय."

मग लेखी जबाबात पत्र कबूल केले, आणि 'आपलाच' ही आमची बोलण्याची रीत आहे, असेही लिहिले. हेच सांगायला मी साक्षीदार होतो. तारखेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

न्यायाधीशांनी विचारले, "पत्र तुमचंच?"

"हाव साहेब."

"मजकूरही तुमचा?"

"मजकूर माझा. ऱ्हस्वदीर्घ गुरुजींचे."

कोर्टात हशा पिकला. मी मान खाली घातली. हरिओमच्या वकिलांनी लगेच अर्ज दिला, की लेखी कबुली आहे तर साक्षीपुरावा कशाला, कबुलीवरच निकाल द्यावा. सुवर्णाताई पुष्कळ बोलल्या. पुढच्या तारखेला तसाच निकाल लागला. छापखाना हरिओमचा. माझ्या नावाचा पुकारा झालाच नाही.

"अपील करू काका. टिकायचा नाही हा निकाल."

"म्या लिहिलं ताई. आता त्या लिहिल्याचा अर्थ किती लोकांले सांगत फिरू? थकलो."

चावी द्यायला मीही सोबत गेलो. दयारामांनी कुलूप उघडले, आत न जाता चावी हरिओमच्या हातावर ठेवली. हरिओमला लहानपणी त्यांनीच रद्दी कागदांची विमाने करून दिलेली. तो जरा ओशाळला.

"काका, येत जा कधीमधी. दुकान आपलंच हाय."

दयारामांनी त्याच्याकडे पाहिले.

"लिहून दे बे," ते म्हणाले.

आम्ही बसस्टँडपर्यंत चालत गेलो, हॉटेलात बसलो. चहा आला. दयारामांनी कप माझ्याकडे सरकवला.

"घ्या," एवढेच म्हणाले.