गोष्टीतल्या माणसाचा मामा

आमच्या समोरच्या मावशींनी आयुष्यात जितकी लग्नं जुळवली असतील, त्याहून जास्त माझ्या कथा मोडल्या. सुरतेत डिंडोलीपासून गोडादऱ्यापर्यंत खानदेशातून आलेल्या घरांत कुणाचा मुलगा लग्नाचा आहे, कुणाची मुलगी बारावी झाली, हे त्यांना तोंडपाठ. दुपारी ओट्यावर मांडीवर साडी पसरून त्या खडे चिकटवत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायच्या. मी कथा लिहितो हे कळल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. "वाच, भाऊ. हात कामले लागेल शेतस, कान मोकळा शेतस." इथवर ठीक होतं. पण मावशी कथा ऐकत नसत, त्या स्थळ पाहत.

पहिल्याच कथेत एक तरुण तापीच्या पुलावर उभा राहून दोन पानं नुसता पाण्याकडे बघत होता. मला तो फार खोल वाटायचा. मावशींनी विचारलं, "पोरगा काय काम करस?" मी म्हटलं, "विचार करतो." "आनि तेनी माय काही बोलत नई?" घरी येऊन मी त्याला आई दिली, तर त्या बाईने कथाच ताब्यात घेतली आणि शेवटी पोरगा लूमच्या कारखान्यात कामाला लागला. पुढे मी भुताची गोष्ट नेली. भूत पिंपळावरून उतरतंय तोच मावशींनी नेहमीचा प्रश्न टाकला, "तेना मामा कोनता गावना?" मामाचं गाव कळलं की अर्धा माणूस कळला, असा त्यांचा हिशेब. त्यांची नात आतून म्हणाली, "दादी, ये सब झूठी स्टोरी है." मावशी शांतपणे म्हणाल्या, "खोटा मानूसले बी मामा ऱ्हास." एकदा तर त्यांनी माझ्या एका कथेतल्या कारकुनासाठी दुसऱ्या कथेतली शिक्षिका सुचवली. दोन्हीकडची बोलणी मीच करायची असल्यामुळे मला नाही म्हणायलाही जागा उरली नाही.

मी चिडायचो, पण दुसऱ्या दुपारी पुन्हा कागद घेऊन ओट्यावर हजर असायचो. अशीच एकदा एका अनाथ नवरीची कथा वाचली. अंतरपाट धरलाय, अक्षता पडताहेत आणि नवरीच्या पाठीशी जिथे मामा उभा राहायचा ती जागा रिकामी, हा शेवट. माझा मीच त्यावर खूश होतो. मावशींचे हात थांबले. "तिना मांगे कोनी तरी उभं कर, भाऊ."

"मावशी, तिला कुणी नाही, हीच तर कथा आहे."

त्या साडीकडे बघत म्हणाल्या, "मन्ही माय एकलीच. तिले भाऊ नई. मना लगीनमा एक परका मानूस मामा म्हनीसन उभा करा. तेनं नाव बी माले माहीत नई. म्हनीसन सगळास्ले इचारस."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाला हसत होतो, तो त्या स्वतःच्या लग्नापासून विचारत आल्या होत्या.

मी शेवट बदलला. मंगलाष्टकं संपता संपता, फेटा वाकडा झालेला, धापा टाकणारा एक माणूस मांडवात शिरतो आणि नवरीच्या मागे जाऊन उभा राहतो. ओळखीच्या एका संपादकांनी वाचून स्पष्ट सांगितलं की चांगल्या कथेचं वाटोळं केलंत. मी ती तशीच मावशींना वाचून दाखवली. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कोनता गावना?"

सुचलं ते बोलून गेलो, "दोंडाईच्याचा."

मावशींनी थोडा विचार केला. "मंग आपली खानदेशनी गाडी तठे थांबस," म्हणाल्या आणि पुन्हा खडे चिकटवू लागल्या.

यंदा त्या सुरत सोडून कायमच्या पारोळ्याकडे गेल्या. समोरच्या ओट्यावर आता भाडेकरूची मोटारसायकल उभी असते आणि माझ्या कथेतली माणसं पुन्हा खुशाल पुलावर विचार करत उभी राहतात, त्यांना हटकणारं कुणी नाही. मावशींना पोचवून परत आलेली नात परवा सांगत होती, गाडीत दादी निघाल्यापासून झोपून होती. दोंडाईचा आलं तशी उठून खिडकीशी सरकली आणि गाडी हलेपर्यंत फलाटावरच्या माणसांकडे बघत राहिली. नातीने विचारलं, "दादी, किसको देख रही हो?"

"कोनले नई. गाव दखी ऱ्हायनू."