इंदूताईंचं हैदराबाद

हॉटेलात चहा पिऊन झाला की इंदूताई सदाफुले ग्लासात घोटभर पाणी ओतत, ग्लास गोल फिरवत आणि ते पाणीही पिऊन टाकत. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते जामखेडला, मासिक मीटिंगनंतर. मी अंगणवाडी सेविका म्हणून नवीनच लागले होते, ताई जुन्या सेविका. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती, त्यामुळे लाज मलाच वाटली. ताईंच्या ते लक्षात आलं.

"काय बघती? तळाला साखर ऱ्हाती. तिचे बी पैसे घेतलेत ना त्यानं?"

ताई तेव्हा पंचावन्नच्या पुढं होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला पळावं लागे. नवरा लवकर गेलेला, दोन मुली शिकवून नांदायला पाठवलेल्या. घरात भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, तिच्याखाली कधी न चुकणारी मेणबत्ती. ती मात्र त्या अख्खी जळू देत नसत. "उजेड पडला, हात जोडले, मंग फुकट कशाला जाळायची?" अंगणवाडीतल्या पोरांना चित्रं काढायला त्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी वापरत. गावात पत्रिका आली की वाचायच्या आधी उलटून बघत. मागंही छापलेलं असलं तर म्हणत, "ह्यांना संसार जमायचा न्हाई."

कंजूष म्हटलं की मात्र त्यांना राग यायचा. "काटकसर म्हंजी उपास न्हवं बाई. ताटातलं सांडू न्हाई, येवढंच."

एकदा मंदा, म्हणजे आमच्या शेजारच्या गावची सेविका, मीटिंगला एका सहल कंपनीचं रंगीत पत्रक घेऊन आली. चार दिवस हैदराबाद, एसी बस, जेवणखाण सगळं त्यांचं. आकडा वाचून आम्ही सगळ्यांनी सुस्कारा सोडला. ताईंनी पत्रक हातात घेतलं, उलटून पाहिलं, दोन्ही बाजूंनी छापलेलं आहे म्हणून नाराज झाल्या आणि म्हणाल्या, "आपन आपलं जाऊ की. कोन किती देनार बोला."

मी म्हटलं, चार हजार. मंदा तीन म्हणाली. ताईंच्या अंगणवाडीतल्या मदतनीस गयाबाई निऱ्यांकडे बघत बसल्या होत्या. सगळ्यांत शेवटी म्हणाल्या, "माझ्याच्यानं बाराशे व्हतील. पर तुमी जावा, माझं काय."

"झालं," ताई म्हणाल्या. "बाराशेत जायाचं. चौघी निघायचं तर चौथीच्या मापानं."

मला हे काही पटलं नाही. पण ताईंसमोर बोलायची हिंमत नव्हती. निघताना जादाचे दोन हजार मी गुपचूप पर्समध्ये टाकले.

बाराशेचं गणित ताईंनी एका बातमीवर बसवलं होतं. तिकडं बायांना सरकारी बस फुकट आहे, असं त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. जामखेडहून बार्शी आणि बार्शीहून सोलापूर आम्ही एसटीच्या अर्ध्या तिकिटात गेलो. पुढं रेल्वेचा जनरल डबा. बरोबर बाजरीच्या भाकरी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या सहा बाटल्या. सकाळी हैदराबादला उतरून, धर्मशाळेत आंघोळी करून, आम्ही चारमिनारच्या बसमध्ये चढलो. कंडक्टर बाईच होती. ताईंनी चार आधार कार्डं पत्त्यांसारखी पसरून तिच्यासमोर धरली.

"चार फुकट!"

तिनं कार्डं उलटसुलट पाहिली. "अम्मा, इधर का आधार होना. ये महाराष्ट्र का है. टिकट लेना पडता."

"क्यों? हम बाई नहीं है क्या?"

"बाई है अम्मा, लेकिन इधर की बाई नहीं है."

"मतलब? हमारा आधार सौतेला है क्या?"

सगळी बस हसायला लागली. कंडक्टरही हसली, पण तिकीट तिनं फाडलंच. ताईंनी पुढच्याच थांब्यापर्यंतचे पैसे मोजले आणि उतरल्यावर पदर खोचला. "हितनं म्होरं पायी."

हैदराबाद केवढं आहे हे मला नकाशावरून कधीच कळलं नसतं, ते त्या दिवशी टाचांना कळलं. मंदाच्या नव्या सँडलनं तिचे दोन्ही पाय सोलले. गयाबाई मात्र उन्हातून निवांत चालत होत्या. त्यांना रोजची सवय. चारमिनारला पोचलो तर वर जायला तिकीट. ताई समोरच्या कट्ट्यावर बसल्या आणि भाकरीचं फडकं सोडलं.

"ताई, इतक्या लांब आलो, वर नको का जायला?" मी विचारलं.

"वर जाऊन काय दिसतं?"

"सगळं शहर दिसतं."

"अन् आपन काय बघायला आलो?"

"चारमिनार."

"मंग? वर गेलं की चारमिनार सोडून समदं दिसतं. बस हितंच."

मी बसले आणि भाकरी हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, शहरातल्या मोठ्या तळ्याकडे चालत जाताना, माझा संयम संपला. त्या रस्त्यावर दर दहा पावलांवर बिर्याणीचा वास, आणि आमच्या पिशवीत दोन दिवसांची भाकरी. मंदाच्या पायाला मलम आणतो, असं सांगून आम्ही दोघी निघालो आणि सरळ एका एसी हॉटेलात शिरलो. बिर्याणी खाल्ली, वर थंड पेय प्यायलो. तो तास फार सुखाचा गेला, हे कबूल करायला हवं. परत आलो तेव्हा ताई आणि गयाबाई तळ्याच्या काठी झाडाखाली बसल्या होत्या. ताईंनी एकदा नाकानं श्वास घेतला.

"मलमाला लवंगेचा वास येतो व्हय गं?"

मंदा रडायलाच लागली. मी उसन्या अवसानानं म्हटलं, "ताई, माझे पैसे होते. मी कुणाचं घेतलं नाही."

"पैसं तुझं, जीभ बी तुझीच. खा की. माझ्या म्होरं खाल्लं असतंस तर मी म्हनले असते, कसं लागतंय सांग. पर लपून खाल्लंस. ते कुनाला लपून, सांग बरं?"

मी गयाबाईंकडे पाहिलं. त्या भाकरीचा तुकडा फडक्यात परत बांधत होत्या. हळूच म्हणाल्या, "माज्यामुळं समद्यांच्या जिवाला आडकाठी. मी यायलाच नको हुतं."

समोर तळ्याच्या मधोमध बुद्ध उभे होते. अखंड दगडाची ती उंच मूर्ती, चारी बाजूंनी पाणी. ताई सकाळपासून तिकडंच ओढ घेत होत्या, हे मला तेव्हा कुठं ध्यानात आलं. तिथं जायला बोट लागते आणि बोटीला तिकीट. ताईंनी कमरेची पिशवी सोडून चौघींचे मिळून ठेवलेले पैसे मोजले. बसच्या तिकिटांना जादा पैसे गेले होते, त्यामुळे परतीचं भाडं बाजूला काढल्यावर तिघींपुरतेच उरत होते.

"तुमी तिघी जाऊन या," त्या म्हणाल्या. "पिशव्या कोन संभाळील? मला हितनं बी दिसत्यात."

"ताई, तुमचं तिकीट मी काढते," मी म्हटलं.

"तुझं नको."

त्या रागानं नव्हत्या बोलल्या, तरी मी पर्स परत बंद केली. तेवढ्यात गयाबाईंनी पदराची गाठ सोडली. घामानं मऊ झालेल्या दोन नोटा होत्या. सुनांना लाखेच्या बांगड्या घ्यायला बाजूला ठेवलेल्या.

"ताई, तुमचं तिकीट मी काढनार."

"येडी का काय! सुनांच्या बांगड्यांचं काय?"

"त्यांचं हात भरल्यालं हायेत. तुमचा देव म्होरं उभा, अन् तुमी पिशव्या धरून बसायचं?"

"देव न्हवं गं. गुरू."

"मंग तर जायाचंच. गुरूला काय लांबनं बघत्यात व्हय?"

मला नाही म्हणणाऱ्या इंदूताई गयाबाईंना नाही म्हणू शकल्या नाहीत. पिशव्यांसकट आम्ही चौघी बोटीत चढलो. जन्मात पहिल्यांदा बोटीत बसलेल्या ताईंनी, अंगावर चढवलेल्या नारिंगी जाकिटाकडे बघत, आधी विचारलं, "ह्याचं पैसं येगळं न्हाईत ना?" मग बोट हलली तशी गयाबाईंचा हात गच्च धरला, तो मूर्तीपाशी पोचेपर्यंत सोडला नाही.

पायथ्याशी ताई हात जोडून उभ्या राहिल्या. वर बघता बघता डोक्यावरचा पदर घसरला, तो त्यांनी सावरला नाही. त्यांना एका जागी इतका वेळ गप्प उभं राहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. शेवटी गयाबाईंनीच विचारलं, "ताई, येवढी मूर्ती पान्यात कशी आनली आसंल वं?"

ताईंनी डोळे पुसले. "त्येंनी जलमभर पायीच परवास केला. हितं बी पायीच आलं असत्याल. बसला तिकीट लागतं हितं."

परतीच्या बोटीत मी गयाबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असूं द्या. बिर्याणी झाक हुती का?" मी खरं ते सांगितलं. स्टेशनवर जाताना मी एकच पार्सल घेतलं, या वेळी ताईंना विचारून, आणि जनरल डब्यात ते चौघींनी भाकरीबरोबर खाल्लं. ताईंचं मत पडलं, "बरी हाय. मीठ कमी हाय."

त्यानंतर दोन वर्षांनी ताई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच हिवाळ्यात आजारी पडल्या. नगरच्या दवाखान्यात त्या आठ दिवस होत्या. आम्ही तिघी भेटायला गेलो तेव्हा खूप वाळल्या होत्या, पण नजर तीच. आधी आम्ही कशानं आलो ते विचारलं. एसटीनं म्हटल्यावर मान डोलावली. मंदानं त्यांचे पाय चेपायला घेतले आणि म्हणाली, "ताई, लवकर बऱ्या व्हा. आता आम्हाला कुठं नेणार?"



"आता कुटं बी जावा, स्वस्त पडंल," ताई म्हणाल्या. "तिघीच हायसा. येका रिक्षात बसताल."

आम्ही हसलो. गयाबाई सगळ्यात मोठ्यानं हसल्या, आणि हसता हसताच तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.