विदूची पत्रं, माझं नाव

विदू गेल्याचं मला पुण्यात फोनवर कळलं. त्याच्या थोरल्या बहिणीने, सुधाताईंनी, पीसीओवरून फोन केला होता. मागे रिक्षांचा गोंगाट एवढा होता की त्यांना तेच वाक्य दोनदा म्हणावं लागलं. कावीळ झाली होती, आठ दिवसांत वाढली आणि रविवारी सकाळी विद्याधर गेला... पंचविसाव्या वर्षी. मी येतो म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आता हे कोणाला कळणार नाही, असं आलं. एवढं कबूल करायला मला पाच आठवडे लागले.

वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून बनारसला आलो आणि ब्रह्मा घाटावरच्या गलीत विदूच्या शेजारी राहू लागलो. तो सकाळी रामघाटच्या पाठशाळेत वेद म्हणायचा, मग कॉलेजला जायचा आणि दुपारी माझ्याबरोबर कॉम्प्युटर क्लासला यायचा. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात क्लासमधल्या कोणीतरी दिल्लीहून चार फ्लॉपींवर एक खेळ आणला. एक अंतराळयान, त्यात झोपवून ठेवलेली हजार माणसं, आणि खेळणारा कप्तान. वाटेत पाणी कमी पडतं, हवा कमी पडते. कोणाला द्यायची, यानाचा कुठला भाग बंद करायचा, हे आपण ठरवायचं. शेवटी एक ग्रह येतो, पण त्यावर आधीच कोणी राहत असतं. उतरायचं की पुढे जायचं, असं पडद्यावर विचारतात आणि खेळ तिथेच संपतो.

त्या शेवटावरून आमच्यात रोज वाद व्हायचा. वीज गेली की क्लासमध्ये, सुटल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर. बहुतेकांना शेवट उदास वाटायचा, तो बदलायला हवा होता. मी म्हणायचो, ज्याने खेळ लिहिला त्याने शेवट ठरवायचा, आपण कोण? विदू बराच वेळ ऐकून घ्यायचा. त्याने तो खेळ अकरा वेळा पुरा केला होता, दर वेळी वेगळे निर्णय घेऊन, आणि सगळं त्याला तोंडपाठ होतं. एकदा तो म्हणाला, "शेवट त्यांचाच असू दे, मिलिंद. पण वाटेत मी ज्याला पाणी दिलं, तो शेवटी कुठे आहे? तो वाचला काय, मेला काय, चित्र तेच. हा तर धोका आहे." आमच्या बनारसी मराठीत धोका म्हणजे फसवणूक.

दिल्लीच्या एका इंग्रजी कॉम्प्युटर मासिकात याच खेळावर वाचकांची पत्रं येत होती. विदूला आपलं म्हणणं तिथे मांडायचं होतं, पण त्याचं इंग्रजी कच्चं. त्याने चार पानं मराठीत लिहिली आणि माझ्याकडे दिली, कारण मी इंग्रजी शाळेतला. मी दोन दिवस बसून ती इंग्रजीत उतरवली. वाक्यं चांगली जमत गेली तशी ती मला माझी वाटू लागली... पाकीट बंद करण्याआधी मी खाली माझं नाव घातलं. घाईत झालं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. घाई कसलीच नव्हती.

पत्र छापून आलं, महिन्यातलं सर्वोत्तम पत्र म्हणून, चौकटीत. क्लासच्या सरांनी ते भिंतीवर लावलं आणि माझी पाठ थोपटली. विदू शेजारी उभा राहून वाचत होता. मी उत्तर तयार ठेवलं होतं की छापणाऱ्यांची चूक झाली असेल. त्याने ते विचारलंच नाही. घरी जाताना तो एवढंच म्हणाला, की दुसऱ्या परिच्छेदात मी त्याचा मुद्दा उलटा केला आहे.

मग माझ्या पत्त्यावर उत्तरं येऊ लागली. लखनौहून, कलकत्त्याहून, कुठून कुठून. निवडलेल्याचा परिणाम दिसला नाही म्हणून निवड खोटी ठरते का, असं कोणी विचारी. कोणी म्हणे, आयुष्यातही कुठे दिसतो? मला त्यातलं एकही उत्तर देता येईना. मी ती पत्रं घेऊन विदूकडेच गेलो. आज हे लिहिताना कानशिलं तापतात, पण गेलो. आणि त्याने ती घेतली. रात्रभर जागून मराठीत उत्तरं लिहिली, मी ती इंग्रजीत केली आणि माझ्या नावाने पाठवली; त्यातली काही मासिकातही छापून आली. असं सहा महिने चाललं. त्याला तो प्रश्न हवा होता, नावाचं त्याला काही पडलं नव्हतं, अशी मी समजूत करून घेतली. मला ती सोयीची होती.

शेवटचं पत्र कलकत्त्याच्या एका प्राध्यापकांचं होतं. लेखकाने ठरवलेल्या शेवटापुढे खेळणाऱ्याने काय करायचं, असं त्यांनी विचारलं होतं. विदूने ते वाचून मला परत दिलं. "याचं उत्तर तू लिही," तो म्हणाला. "तुला काय वाटतं ते." आवाजात राग नव्हता. मी तीन दिवस कोरा कागद घेऊन बसलो आणि मग कामाचं निमित्त करून ते पत्र तसंच ठेवून दिलं. वाद तिथे थांबला, आणि आमचं जाणं-येणंही हळूहळू.

पुण्यात नोकरीच्या मुलाखतीला मी त्या पत्रांची कात्रणं नेली होती. मुलांचे खेळ बनवणारी लहानशी कंपनी होती. त्यांनी कात्रणं वाचली आणि मला घेतलं. विदू बनारसलाच राहिला, क्लासमध्ये शिकवू लागला. दिवाळीला त्याचं पोस्टकार्ड यायचं. दोनदा मी उत्तर दिलं.

फोनवर येतो म्हणालो होतो, पण त्यांच्या घरी गेलो तो गेल्या आठवड्यात. सुधाताईंनी मला वर विदूच्या खोलीत नेलं. खिडकी गंगेवर उघडते, पण पाण्याची चकाकी कॉम्प्युटरच्या पडद्यावर येते म्हणून त्याने टेबल भिंतीकडे वळवून ठेवलं होतं. काकू, विदूची आई, पलंगावर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. सुधाताई म्हणाल्या, आपल्याला ते ठाऊक होतं. उत्तरं लिहायला कोरे कागद त्याच आणून द्यायच्या. काकूंना ठाऊक नव्हतं.

दोन दिवसांनी, छापायला पाठवण्याआधी, मी इथवरचा हा मजकूर त्या खोलीत बसून दोघींना वाचून दाखवला. काकूंनी डोळे मिटून ऐकला. मग त्यांनी विचारलं, "हे छापतील तेव्हा नाव कोणाचं घालतील?"

मी म्हणालो, विदूचं घालायला सांगतो.

"नको," त्या म्हणाल्या. "हे तू केलंस. तुझंच येऊ दे."