मे महिन्यातला हीटर

सकाळी फोन आला तेव्हा मी तव्यावरची भाकरी उलटत होते. बीडच्या दवाखान्यातून आमची मुलगी रेखा बोलत होती. "आई, अण्णा..." एवढंच म्हणाली. आदल्या दिवशी मला घरी पाठवताना हे म्हणाले होते, "जा तू, जनावरं उपाशी असतील. मी काय पळून चाललो का?" ह्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं ह्यांच्या कामाचं, हाताच्या गुणाचं बोलतात. मला मात्र सारखा एकच उन्हाळा आठवतो, तो लिहून ठेवते.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस चुकला होता. ऊसच नाही म्हणून सहकारी कारखाना बंद पडला आणि तिथल्या गाड्या दुरुस्त करणारे हे घरी बसले. ती नोकरी लागण्याआधी आम्ही दोघांनी पश्चिमेकडं जाऊन ऊस तोडला होता. आता मुकादम पुन्हा दारात यायला लागला. "दत्ता, तुमचा कोयता धरू का?" कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. रेखा तेव्हा चौथीत होती. माझी शाळा चौथीतच सुटली ती ह्याच ऊसतोडीपायी. आपण गेलो तर तिचीही सुटणार, हे आम्ही दोघं जाणून होतो, पण बोलत नव्हतो. हे मुकादमाला म्हणाले, "पोळ्यापर्यंत थांबा."

त्याच दिवसांत विक्रमराव आले. मोठ्या जमिनीवाल्या घरातले, त्यांचे काका सहकारी दूध संघात संचालक. वडवणीकडच्या एका आटलेल्या तलावात तरुण मंडळी गाड्यांची शर्यत लावणार होती. "दत्ता, माझी जुनी गाडी तयार कर," ते म्हणाले. "पंधरा फेऱ्या न थांबता काढल्या तर संघाच्या गाड्यांचं काम तुझं. काकाला बोललोय मी."

गाडी आमच्या लिंबाखाली लागली. हलकी गाडी जोरात पळते, म्हणून एसी काढायचा ठरला. आधी माहितगार माणूस बोलावून त्यातला गॅस काढून घेतला. मग कॉम्प्रेसर, पाइप, पुढची जाळी असं एकेक खाली आलं. कॉम्प्रेसर गेल्यावर पट्टा लांब पडला, तर ह्यांनी आखूड पट्टा शोधून आणला. आतली भोकं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बुजवली. हीटरही काढला. "आपल्या बीडात हीटर कोणी लावलाय का कधी?" असं म्हणून त्याचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकले. मलाही ते पटलं.

तलावात चाचणी घेतली. पाचव्याच फेरीला पाणी उकळलं आणि गाडी वाफा सोडत उभी राहिली.

"दत्ता, ही गाडी हाय का बंब?" विक्रमराव ओरडले. "परवा शर्यत हाय बे!"

रेडिएटर धुतला, पंखा तपासला, सगळं ठीक होतं. संध्याकाळी हे पायरीवर बसून राहिले. चहा गार झाला. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण एक आठवलं ते भीतभीत बोलले, "अहो, रेखा तान्ही होती तेव्हाचा तो पिकअपवाला... घाटात त्यानं आपल्याला भाजत आणलं होतं बघा." ऊसतोडीहून परत येताना बाळ होतं म्हणून त्यानं आम्हाला पुढं बसवलं होतं. चढ लागला तसा भर उन्हात त्यानं हीटर लावला. "इंजिन तापतंय, जरा सोसा," म्हणाला होता.

ह्यांनी कप खाली ठेवला. आणि हसायलाच लागले. "अगं, इंजिनाची गरमी बाहेर काढणारा तो दुसरा रेडिएटरच हाय. अन् मीच तो उपटून फेकला!"

दुसऱ्या दिवशी हीटर जागेवर गेला. शर्यतीला निघताना विक्रमरावांनी हीटरची कळ चालू बघितली आणि भडकले.

"मे महिन्यात हीटर? मला उकडून मारतो का?"

"तुमी घामाघूम झाल्यावर अंघोळ करता. इंजिनानं काय करावं, मालक?"

"अंघोळीला पाणी कुठंय बे गावात?" असं म्हणत ते आत बसले.

मी बांधावर बायकांमागं उभी होते. फेऱ्या मोजता मोजता पदर तोंडात गेला होता. दोन गाड्या मध्येच उकळून थांबल्या. विक्रमरावांची पुढं गेली नाही, पण थांबलीही नाही. चौथा नंबर आला. पंधरावी फेरी संपवून ते उतरले तेव्हा सदरा पिळून काढावा असा भिजलेला. "शिजवलं लेका मला!" म्हणाले, आणि मग, "सोमवारी संघात ये."

पोळ्याला मुकादम आला. हे म्हणाले, "दुसरी जोडी बघा." रेखा तोवर पाचवीत बसायला लागली होती. पुढं ती आयटीआयला गेली आणि शेवटची दोन वर्षं ह्यांच्याबरोबर संघाच्या शेडमध्ये काम करत होती. आता ती एकटीच शेड उघडते.

परवा मी तिचा डबा घेऊन गेले. ती एका गाडीत काचा लावून, हीटर चालू करून बसली होती, घामानं निथळत. पाणी नीट फिरतंय का हे बघायची ह्यांचीही हीच रीत. मला बघून तिनं दार उघडलं. "आई, बस की जरा."

बसले. गरम वारा तोंडावर आला... लई गरम. तिनं विचारलं, "काच खाली करू का?"

मी म्हणाले, "राहू दे."