उजवा पाय पुढे

देवाला माझा पाय दिसतो की नाही, अशी शंका मला यंदाच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळात आली. शंका मनात ठेवायचा माझा स्वभाव नाही, मी ती त्याला तोंडावर बोलून दाखवली. म्हटलं, "बाबा रे, रोज तुझ्या वेदीवरची चादर बदलते, फुलं लावते, गाणाऱ्यांची भांडणं सोडवते, आणि तुला माझ्या एका तळपायाकडे बघायला फुरसत नाही?" मी रागाने जपमाळ अर्धी सोडली, आणि मग भीती वाटली म्हणून उरलेली पुरी केली.

बरं, पाय बिघडला तोही त्याच्याच कामात. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे राखेच्या बुधवारी, फादर आमच्या कपाळाला जी राख लावतात, ती मागच्या वर्षी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्यांची असते. लोकांनी वर्षभर घरच्या क्रुसामागे खोचून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या परत आणायच्या आणि आम्ही त्या चर्चच्या मागच्या अंगणात घमेल्यात जाळायच्या. आम्ही म्हणजे मी. बाकीचे धूर लागतो म्हणून लांब उभे राहून सल्ले देतात. तर त्या दिवशी एक निखारा माझ्या चपलेत शिरला आणि मला कळलंच नाही. जुनी शुगर असली की पाय मुका होतो, त्याला आगही बोलती करत नाही. वास आला म्हणून चप्पल काढली, तर उजव्या अंगठ्याखाली चांगलं भाजलं होतं.

घरात सांगितलं असतं तर विषय तिथेच संपला असता. माझी सून स्टेला इथल्याच एका इस्पितळात नर्स आहे. पण नेमकं तिलाच सांगायचं नव्हतं. आमच्या ह्यांच्या पायाचा काळा पडलेला अंगठा पहिल्यांदा तिनेच पाहिला होता. तिने पाहिलं, तिने इस्पितळात नेलं, तिथे पाय गुडघ्याखाली कापला, आणि काही महिन्यांत हे गेले. दोष तिचा नव्हता, हे मला समजत होतं. पण माझ्या वेड्या डोक्यात एक पक्कं बसलं होतं, की हिने पाहिलं की पाय जातो. म्हणून मी हळद भरली, तीर्थाचं पाणी शिंपडलं, वर रुमाल गुंडाळला आणि त्यावर मोजा चढवला. पनवेलच्या एप्रिलात, जिथे पंखासुद्धा घाम गाळतो, तिथे मी "मला बाई थंडी वाजते" म्हणत मोजे घालून फिरत होते. रात्री मात्र पांघरुणात पाय पोटाशी घेऊन रडत होते. मला ह्यांच्यासारखं जायचं नव्हतं.

अशात पवित्र गुरुवार आला. प्रभूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. हे बारा निवडायचे आणि शिकवून तयार करायचे, हे खातं माझ्याकडे. आमचं चर्च लहान. कुणी मंगळूरचा, कुणी केरळचा, कुणी उरणकडचा, कुणी आमच्यासारखे नगरकडून आलेले. त्यामुळे सगळ्यांना कळेल अशा भाषेत, म्हणजे ओरडून, मी तालीम घेतली. पाय घरून धुऊन यायचे. नखं कापायची. मागे एकाने थेट वाडीतून चिखलाचे पाय आणले होते, तर पाणी तीनदा बदलावं लागलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उजवा पाय पुढे करायचा. फिलोबाईंनी तालमीत डावा पुढे केला, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "फिलोबाई, जेवताना घास कानात घालता का?" त्या दिवसापासून फिलोबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या.

गुरुवारी मिस्साची घंटा व्हायच्या बेतात असताना फोन वाजला. बारातला एक, सुकापूरचा रॉकी. आवाज कण्हण्याचा.

"काकी, मी येत नाय. बाथरूममधी पडलो."

"पडलास? आत्ता? कसा?"

"तुमीच बोल्लात ना, पाय घासून या. एक पाय वर घेतला, साबण लावला, दुसरा सरकला. कंबर धरली हाय."

पाय धुवायच्या विधीसाठी पाय धुताना पडलेला माणूस ख्रिस्ती जगात हा पहिलाच असावा. मी त्याला "देव बघून घेईल" म्हटलं, फोन ठेवला आणि बारावी खुर्ची हळूच उचलायला निघाले. तेवढ्यात फादर झगा सावरत पाठीमागून आले. म्हणाले, "काकी, राहू दे खुर्ची. तुम्हीच बसा. इतकी वर्षं दुसऱ्यांना बसवता, आज तुमची पाळी."

"फादर, मला पाणी आणायचंय, टॉवेल द्यायचेत…"

"ते मी बघतो. बसा."

फादरांना सगळ्यांसमोर नाही कसं म्हणायचं? बसले. शेवटच्या खुर्चीवर, फिलोबाईंच्या शेजारी. समोर गाणाऱ्यांत स्टेला उभी होती. बायबलातलं शुभवर्तमान वाचलं गेलं. शिष्य पेत्र कसा आढेवेढे घेतो, प्रभूला पाय धुऊ देत नाही, ते दरवर्षी ऐकून मी मनात त्याला हसत आलेय. त्या दिवशी मला पेत्राची फार कणव आली. प्रवचनात फादर म्हणाले, "आपण देवाकडेही पाय घरून धुऊन येतो." लोक माझ्याकडे बघून हसले. मी हसले नाही. मोज्यातला पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

एकेक पाय होत फादर जवळ येत होते. मी मनात उपाय काढला. डाव्या पायाचा मोजा हळूच काढून ठेवला, आणि ते माझ्यापुढे गुडघ्यावर बसताच तो डावा पाय झोकात पुढे केला.

"उजवा, काकी," फादर हळू म्हणाले.

"डावा चालेल फादर. दोन्ही त्यानेच दिलेत."

"उजवा!" फिलोबाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "काकी, तुम्हीच सांगितलंत ना? उजवा पुढे!" आणि ओळीतले बाकीचेही वाकून वाकून सांगू लागले, उजवा, उजवा. इतकी चोख तालीम मी का घेतली, असं झालं मला. सुटका नव्हती. मी डोळे मिटले आणि म्हटलं, घे बाबा. तुला बघायचाच होता ना, मग बघ.

मोजा निघाला, रुमाल निघाला. वास आला, तो मलाही आला. फादरांनी तांब्या खाली ठेवला. जखमेवर त्यांनी पाणी घातलं नाही. नुसती टाच हातात धरली, टॉवेलाचं टोक ओलं करून घोट्याभोवती पुसलं, आणि वाकून पायाच्या वरच्या बाजूला ओठ टेकले. त्या घाण वासाच्या पायाला! मला एवढं रडू फुटलं की गाणं थांबलं. डोळे उघडले तर स्टेला समोर, वेदीच्या पायरीवर.

"आई, हे कधीपासून?"

"राखेच्या बुधवारपासून," मी म्हटलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

"आत्ता घेऊन जा," फादर तिला म्हणाले. मी सवयीने तोंड उघडलं, अजून मिरवणूक आहे, मेणबत्त्या कोण देणार? ते हसून म्हणाले, "काकी, मिस्सा तुमच्याशिवायही होते." कुणीतरी "छे छे, असं कसं" म्हणेल म्हणून मी सगळीकडे बघितलं. कुणी म्हणालं नाही.

इस्पितळात जखम उघडून आतला पू काढला. आणखी थोडे दिवस गेले असते तर जखमेने हाड धरलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. पाय राहिला. ईस्टर मी पलंगावर पाय उशीवर ठेवून केला. रॉकी कमरेला पट्टा बांधून अंडी घेऊन आला आणि ऐटीत म्हणाला, "काकी, मी पडलो म्हणून तुमचा पाय वाचला. देवानं मला ढकलला हाय." मी म्हटलं, "तुला पाडायला देव कशाला लागतो? साबण पुरे." तो गेल्यावर मात्र मी विचार करत राहिले. चमत्कार होता की साबण, मला ठरवता येत नाही. मी दीड महिना देवाला म्हणत होते बघ, बघ, आणि पाय मोज्यात घालून ठेवत होते, एवढं मात्र खरं.

आता रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आली की स्टेला माझ्यापुढे स्टुलावर बसते. मांडीवर टॉवेल पसरते आणि जखम धुते. पहिल्या दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं, ह्यांच्या पायाचं, माझ्या डोक्यातल्या वेडाचं. तिने खाली मान घालून पट्टी गुंडाळली, गाठ मारली. मग म्हणाली, "आई, पप्पांनीही मोजाच घातला होता. मला दिसला तेव्हा फार उशीर झाला होता. मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी रडलो. प्रभू, तुझे उपकार. हल्ली ती स्टूल ओढते ना, तेव्हा तिला काही बोलावं लागत नाही. मीच उजवा पाय पुढे करते.