गिरणीच्या बाकावर

माझा मुलगा गुणी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचून तुमचा भलताच समज व्हायचा. आईचे गुडघे दुखतात म्हणून ज्याने दिवाळीत घरघंटी आणली, त्याला वाईट कोण म्हणेल? पांढरीशुभ्र, छोट्या कपाटाएवढी. वरून धान्य ओतायचं, बटण दाबायचं. दळण संपलं की ती आपली आपण थांबते, माणसाने जवळ उभं राहायचीसुद्धा गरज नाही. सुनेने तिला हळदीकुंकू वाहिलं, मी वर पेढा ठेवला, सगळं रीतसर झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी सवयीने पायात चपला सरकवल्या आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याला जायला कुठे उरलंच नाही.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव. इथल्याच शाळेत मी जन्मभर शिकवलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी गाव मला अजून 'बाई'च म्हणतं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. नात पुण्याला शिकते. मुलगा उजाडता उजाडता मोटरसायकलवरून आसनगाव गाठतो आणि तिथून लोकलने कामावर जातो. सून मुरबाडच्या एका कारखान्यात हिशेब बघते. दोघं परत येतात ती दिवे लागल्यावर. मधला सगळा दिवस घरात मी आणि भिंतीवरची पाल.

"आई, एकटं वाटतं का गो तुला?" मुलगा अधूनमधून विचारायचा. विचारायचा तो बूट घालताना, एक डोळा घड्याळावर ठेवून.

"छे रे! मला कुठे वेळ आहे एकटं वाटायला?"

"बरं, टाइम नाय, निघतो," म्हणून स्वारी गेलेली असायची. आता ज्या बाईने चाळीस-चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवलं, तिने "हो रे, वाटतं" असं कबूल करायचं म्हणजे काय? जीभच वळत नसे.

खरं तर तोवर माझं बरं चाललं होतं, ते गिरणीमुळे. आमच्या आळीच्या टोकाला गिरणी आहे. गिरणीवाला माझाच विद्यार्थी. सातचा पाढा त्याला शेवटपर्यंत आला नाही, पण दळण मात्र फुलासारखं देतो. शाळेने मोडीत काढलेला एक बाक त्याने दाराशी आणून ठेवलाय. याच बाकावर मी त्याला अनेकदा उभं केलं होतं. आता त्यावर मी बसते आणि तो उभा असतो, पण त्याबद्दल त्याने कधी टोमणा मारलेला नाही.

त्या बाकावर आम्ही तिघं ठरलेले. एक मी. दुसरे कसाऱ्याला रेल्वेत नोकरी केलेले आजोबा. घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावतात, ते जणू यांनीच खांदा लावून ढकललं असं ते सांगतात, आणि दर वेळी गाडीला एक डबा वाढलेला असतो. तिसरी डोंगरावरच्या वाडीतली म्हातारी. ती डोक्यावरून नागली, म्हणजे आपली नाचणी, घेऊन खाली येते, आणि हिवाळ्यात पदराला उकडलेले करांदे बांधून आणते. ते कंद चवीला कडसर, पण गप्पांबरोबर छान जातात. गिरणीचा नियम असा की आधी तांदूळ, मग गहू आणि सगळ्यांत शेवटी नागली. कारण नागलीवर तांदूळ दळला की पीठ तांबूस येतं आणि बायका भांडायला उठतात. त्यामुळे म्हातारीचा नंबर कायम शेवटचा. आणि तिला सोबत म्हणून आमचं पीठ कधीचं गार झालं तरी आम्ही बसलेलो.

गावात पुरुषांना बसायला देवळाचा पार आहे, नाका आहे, चहाची टपरी आहे. बायकांना काम असेल तरच बसता येतं. पूर्वी पाण्याला गेलं की विहिरीवर चार बायका भेटायच्या, लाकडांना गेलं की रानात भेटायच्या. नळ घरात आला, गॅस घरात आला, फार चांगलं झालं. हंडे वाहायला मी काही परत जाणार नाही, सांगून ठेवते. पण दर वेळी घरात एक सोय आली की बाहेरची एक वाट मोडली. राहिली होती ती एवढी गिरणीची.

तीही जायच्या बेतात होती. दिवाळीच्या आधीच गिरणीवाला म्हणाला होता, "बाई, घराघरात मशिनी आल्यात. संक्रांतीपर्यंत बघतो, नायतर विकून टाकतो गिरणी." मी त्याला धीर दिला, घरघंटीवाल्यांना आळशी म्हटलं, आणि आठवडा उलटायच्या आत ती माझ्याच घरात येऊन उभी. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा.

घर खायला उठतं म्हणतात, ते मला त्या दिवसांत कळलं. टीव्ही लावावा तर त्यातल्या बायका एकमेकींच्या चहात काहीतरी मिसळत असतात. बहिणीला फोन करावा तर ती आपल्याच दुखण्यांचा पाढा वाचते. शेवटी मी त्या घरघंटीशीच बोलायला लागले. "झालं का गं तुझं?" म्हणायची. ती टकटक करून थांबायची, आणि ती थांबली की घरात आधीपेक्षा जास्त सामसूम व्हायची. एका दुपारी मी स्वैपाकघरात बसून चक्क रडले. कारण काहीच नव्हतं, जेवणसुद्धा चांगलं झालं होतं.

तेव्हा मी एक युक्ती काढली. तांदूळ न्यावा तर घरात धुऊन वाळवलेला तांदूळच शिल्लक नसे. सून रविवारी आठवड्याचं सगळं दळण काढून मोकळी व्हायची. मग मी काय केलं, पिठाचाच डबा घेतला, झाकण घट्ट लावलं आणि गेले गिरणीवर! डबा रांगेत ठेवला, बाकावर बसले. नंबर आला की म्हणायची, "पुढच्याचं घे रे, मला घाई नाय." पुढच्याचं व्हायचं, त्याच्या पुढच्याचं व्हायचं, शेवटी नागली लागायची. मग मी पदर सावरून उठायची, "आता नागलीवर कुठे तांदूळ दळायचा! उद्या येते." उद्या पुन्हा तोच डबा, तेच पीठ, तेच वाक्य. डबा नेताना गुडघे दुखायचे, पण येताना दुखत नसत, याला डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत.

मला वाटायचं, काय बेमालूम जमलंय. गिरणीवाला एकदासुद्धा डब्याला हात लावत नसे. पण एके दुपारी तो लग्नाला मुरबाडला गेला आणि गिरणीवर त्याची बायको उभी राहिली. ती कामाला वाघीण आहे. कुणाचा नंबर, कुणाला घाई, असलं काही ती विचारत नाही. मी आजोबांचं इंजिन घाटात कुठवर आलं ते ऐकत होते, तेवढ्यात तिने माझा डबा उचलला, झाकण उडवलं आणि चालत्या गिरणीच्या वरच्या तोंडात धाडकन उपडा केला.

पुढे काय झालं ते नीट दिसलंच नाही, कारण कुणालाच काही दिसत नव्हतं. पिठाचा लोट वर गेला, छपराला लागला आणि सगळ्यांच्या डोक्यांवर उतरला. गिरणीने ठसका दिल्यासारखा आवाज केला. गिरणीवाल्याच्या बायकोने धावत जाऊन बटण बंद केलं. धुरळा बसला तेव्हा माझ्यासमोर एक पांढरी बाई रिकामा डबा घेऊन उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "ह्याच्यात तर पीठच हाय!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात आजोबा हसायला लागले. आधी खुसूखुसू, मग मांडीवर थापा मारून. मला आला राग. लाज वाटली की मला रागच येतो, तो स्वभाव आहे. "हसताय काय? तुमचं दळण दाखवा आधी!" म्हणत मी त्यांचा डबा ओढला आणि झाकण उघडलं.

आत टॉवेल होता. घडी घालून, दाबून बसवलेला.

"रिकामा डबा वाजतो ना," आजोबा एवढंसं तोंड करून म्हणाले. "सूनबाई पीठ पाकिटातून आणते. मी काय दळू?"

आता आम्ही दोघांनी वाडीच्या म्हातारीकडे बघितलं. ती करांदा सोलत होती. भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. "माज्याकडं काय बघताव? माजी नागली हाय खरीखुरी," ती म्हणाली. मग जरा थांबून स्वतःच खुदकन हसली. "पन एका दिसाचं दळान मी चार दिस थोडं थोडं आनतंय. पोरं वीटभट्टीवर कामाला गेल्यात, वाडीत कोन हाय बोलाया?"

गिरणीवाल्याची बायको कमरेवर हात ठेवून आम्हा तिघांकडे बघत राहिली. "अगो बाय बाय! मी ह्यांना रोज सांगतंय, बंद करा गिरणी, परवडत नाय. तर म्हणतात, दळण नसलं तर नसलं, दारात रांग तर असते. रांगेला कसं घालवू? आणि रांग ही असली!" असं म्हणून ती जी हसायला लागली ती खालीच बसली. मग आम्हीही हसलो. हसताना डोळ्यांना पाणी आलं आणि गालांवर त्याची कणीक झाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं करून मी घरी आले. तर दारात मोटरसायकल! मुलाचं शहापूरला काही काम होतं म्हणून तो अर्धी रजा काढून लवकर आला होता. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"आई, हे काय?"

"पीठ."

"ते दिसतंय. पण कुठून?"

काहीतरी थाप मारायला मी तोंड उघडलं, पण त्या दिवशी थापांचा साठाच संपला होता. "मला घरात करमत नाही रे," मी म्हटलं. "तुम्ही गेलात की घर खायला उठतं. दळलेलं पीठ घेऊन मी गिरणीत जाऊन बसते. एकटं वाटतं मला, फार वाटतं." एवढं बोलले आणि पायरीवरच बसले. पाठीवरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखं वाटलं.

"मी किती वेळा विचारलं तुला," तो म्हणाला.

"तू बूट घालताना विचारायचास."

आत जाऊन त्याने त्या घरघंटीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. बिचाऱ्याने आईसाठी म्हणून किती हौसेने आणली होती. मी म्हटलं, "गव्हाला ती उत्तम आहे हो. तांदूळ मात्र गिरणीचाच बरा." ही थाप नव्हती, निदान पूर्ण नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. आळीतल्या घराघरात जाऊन तांदळाच्या भाकरीला गिरणीचं पीठ कसं लागतं यावर व्याख्यान दिलं. निम्म्या बायका माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या, नाही म्हणायची टाप कुणाची! संक्रांत झाली, गिरणी चालू आहे. पुढचं देव जाणे.

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. रविवारी मुलगा उशिरापर्यंत झोपतो आणि उठल्यावर फोनमध्ये डोकं घालतो. त्या दिवशी त्याने उठून तांदळाचा डबा मोटरसायकलला बांधला, मला मागे बसवलं आणि गिरणीवर आला. मला वाटलं, सोडून जाईल. तर हा बाकावर येऊन बसला, आजोबांच्या आणि माझ्या मध्ये. आजोबांनी लगेच इंजिन घाटात घातलं.

"तुझा नंबर रे," गिरणीवाला म्हणाला.

मुलाने सवयीने मनगटाकडे बघितलं. मग हात खाली घेतला. "वाडीच्या आजीची नागली घे आधी. मला घाई नाय."

"अरे, तुझं पीठ तांबडं होईल!"

"होऊ दे."

रांगेतल्या बायकांनी कालवा केला, मी त्यांच्याकडे एकदा बघितलं, तशा त्या गप्प झाल्या. म्हातारीचं दळण आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी निघालं. पिठाचं गाठोडं मांडीवर घेऊन ती आता जाईल असं मला वाटलं, पण ती जागची हललीच नाही. पदराची गाठ सोडून तिने मुलाच्या हातावर एक करांदा ठेवला.

तो त्याने तोंड वाकडं करत खाल्ला. मग पायातले बूट काढून बाकाखाली सरकवले, पाय वर घेऊन मांडी घातली आणि माझ्याकडे वळला.

"हां, आई. आता सांग," तो म्हणाला. "दिवसभर काय काय करतेस तू?"

मी अगदी सकाळपासून सांगायला सुरुवात केली.